महानस, पर्वत आणि ह्रद : धुराच्या दोषाविषयी

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म आणि दोष यांचा संबंध सांगताना धुराचा दृष्टान्त घेतला आहे. अग्नी जसा धुराने वेढलेला असतो तसा प्रत्येक कर्माचा आरंभ कोणत्या ना कोणत्या दोषाने वेढलेला असतो, म्हणून स्वभावतः वाट्याला आलेले कर्म सदोष असले तरी टाकू नये, असा त्या श्लोकाचा आशय आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’तील कर्मयोगाला हा श्लोक पोषक आहे, कारण दोषाच्या भयाने कर्मच सोडू पाहणाऱ्याची वाट तो अडवतो. परंतु ज्या दृष्टान्तावर हा उपदेश तोललेला आहे तो न्यायदर्शनाच्या, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या, कसोटीला जसाच्या तसा उतरत नाही. जिथे धूर तिथे अग्नी, हा नियम नैयायिकांना मान्य आहे. जिथे अग्नी तिथे धूर, हा उलटा नियम मात्र ते नाकारतात. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. धूर निघायचा तर अग्नीशी ओल्या इंधनाचा संयोग व्हावा लागतो, आणि हा संयोग म्हणजे न्यायाच्या परिभाषेतील ‘उपाधी’ होय: धूर जिथे जिथे आहे तिथे जी असतेच, पण अग्नी जिथे आहे तिथे असेलच असे नाही, अशी बाहेरून येऊन चिकटलेली अट.

धूर हा अग्नीचा सहज दोष आहे की औपाधिक, हा वाद पाठशाळेच्या ओट्यावरच संपला असता, जर आजच्या हवेचे बरेचसे प्रदूषण कशाच्या ना कशाच्या जळण्यातून निर्माण होत नसते तर. चूल, उदबत्ती, वणवा, डिझेलचे इंजिन, कारखान्याची चिमणी, कचऱ्याचा पेटलेला ढीग यांपैकी कशाचाही विषय निघाला की दोन उत्तरे ऐकू येतात. एक म्हणते, एवढे चालायचेच, धुरावाचून संसार नाही आणि संसारावाचून धूर नाही. दुसरे म्हणते, यात अपरिहार्य असे काही नाही, अट काढा, धूर जाईल. पहिले उत्तर नकळत गीतेच्या दृष्टान्ताचा आधार घेते आणि दुसरे नैयायिकांच्या उपाधीचा. मोक्षाच्या संदर्भात आलेला दृष्टान्त फुप्फुसांच्या संदर्भात वापरला जातो ही गीतेची चूक नव्हे; पण तो तसा वापरला जातो खरा.

अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हा सतराव्या शतकातील छोटासा ग्रंथ संस्कृत पाठशाळांत न्यायशास्त्राचा पहिला धडा म्हणून शिकवला जातो आणि त्यातील अनुमानाचे ठरलेले उदाहरण असे आहे की पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर दिसतो. ज्याविषयी काही सिद्ध करायचे तो पर्वत हा ‘पक्ष’, जे सिद्ध करायचे तो अग्नी हे ‘साध्य’ आणि ज्याच्या बळावर सिद्ध करायचे तो धूर हा ‘हेतू’. धूर आणि अग्नी एकत्र असल्याचे आधीच ठाऊक असलेले ठिकाण म्हणजे ‘सपक्ष’, आणि त्यासाठी महानस, म्हणजे स्वयंपाकघर, सांगितले जाते. जिथे दोन्ही नाहीत असे ठिकाण म्हणजे ‘विपक्ष’, आणि त्यासाठी महाह्रद, म्हणजे मोठे तळे. पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मुळशी तालुक्यातील माले या गावाच्या परिसरात या तिन्ही गोष्टी एकाच टापूत आहेत. घरोघरी महानस आहे, चहूकडे सह्याद्रीचे डोंगर आहेत आणि मुळा व निळा या नद्यांचे पाणी अडवून तयार झालेला मुळशीचा जलाशय हा महाह्रद आहे. तर्कशास्त्राने सोयीसाठी निवडलेली ही तीन उदाहरणे अशा एका भूभागावर ठेवून पाहिली, तर त्यांच्याविषयी तर्कशास्त्राने न विचारलेले काही प्रश्न पुढे येतात.

त्यांतले पहिले ठिकाण महानस. ताम्हिणीच्या टापूत पाऊस राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या जागांशी बरोबरी करणारा पडतो, आणि ओल्या इंधनाचा संयोग ही अट जून ते सप्टेंबर या महिन्यांत पुस्तकातून थेट चुलीत उतरते. उन्हाळ्यात तोडून, फोडून, वाळवून रचलेले सरपण हीच खरी बेगमी. ते संपले किंवा भिजले की आत सरकवलेले लाकूड पेट घेत नाही, नुसते धुमसते, त्याच्या बाहेरच्या टोकाला फेस येतो आणि तिथून पाण्याचे थेंब चर्र आवाज करत राखेत पडतात. असे का घडते हे रसायनशास्त्र सांगते. एक किलो पाण्याची वाफ करण्यात सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता खर्च होते. ती ज्वालेतून काढून घेतली जाते, ज्वाला थंड पडते, आणि लाकूड तापून जे वायू बाहेर पडतात ते पुरते जळायच्या आत निसटतात. न जळता निसटलेले हे इंधन म्हणजेच धूर: कार्बन मोनॉक्साइड, डांबरासारखी द्रव्ये आणि काजळीचे सूक्ष्म कण. नैयायिकांनी ओल धरली ती बरोबर धरली, पण दुसरी अट त्यांच्या हातून सुटली, ती म्हणजे हवेची कमतरता. वाळलेले लाकूडही कोंडलेल्या चुलीत धूर करते. ही दुसरी उपाधी ज्या हाताला ठाऊक होती त्या हाताने फुंकणी घडवून घेतली. लोखंडी नळीतून ज्वालेच्या बुडाशी नेमकी हवा पोचवणारे ते वीतभर-हातभर लांबीचे साधन म्हणजे उपाधी दूर करण्याचे घरगुती शास्त्रच आहे, फक्त त्याच्या दुसऱ्या टोकाला बाईचे तोंड असते आणि फुंकर मारण्याआधी तिला दीर्घ श्वास त्याच धुरातून घ्यावा लागतो.

तर्कसंग्रहाच्या महानसात ही बाई नाही. तिथे अग्नी आहे, धूर आहे, आणि दोघांचा अव्यभिचारी संबंध दाराबाहेरून न्याहाळणारा अभ्यासक आहे. आत कोण बसले आहे याची चौकशी अनुमानाला लागत नाही. धूर हा ज्ञानाचा हेतू आहे एवढेच शास्त्राने पाहिले, तो डोळ्यांतल्या पाण्याचाही हेतू आहे हे पाहिले नाही. शास्त्राचा विषय तो नव्हता असे म्हणून हा आक्षेप टाळता येईल, आणि तो काही अंशी टाळण्याजोगा आहेही. पण शेकडो वर्षे ‘जसे महानस’ हे दोन शब्द घोकणाऱ्या परंपरेतील एकाही टीकाकाराला तिथे डोकावावेसे वाटू नये, ही गोष्ट विचारवंत आणि स्वयंपाकघर यांच्यातील अंतराविषयी बरेच काही सांगते.

जे टीकाकारांनी केले नाही ते अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी गुजरातमधील काही खेड्यांत केले. स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर हवेचे नमुने घेणारी लहान यंत्रे बांधून त्यांच्या श्वासात किती धूर जातो हे त्यांनी मोजले. पुढे त्यांनी मांडलेला एक ढोबळ नियम असा की घरात सोडलेला एक ग्रॅम धूर माणसाच्या छातीत जाण्याची शक्यता बाहेर सोडलेल्या ग्रॅमच्या हजारपट असते. गिरणीची चिमणी आकाशात उंच असते, चुलीची चिमणी म्हणजे कौलांतली फट. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ठरवल्याप्रमाणे २.५ मायक्रॉनहून लहान कणांचे, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या-पंचविसाव्या भागाएवढ्या धूलिकणांचे, चोवीस तासांतील प्रमाण घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमच्या आत हवे. भारताच्या मानकात ते ६० आहे. धुमसत्या चुलीपाशी स्वयंपाकाच्या वेळी ते शेकडोंच्या, कधी हजारांच्याही घरात जाते. घरातल्या अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख मृत्यू झाले असावेत असा त्याच संघटनेचा अंदाज आहे. श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा सीओपीडी हा आजार सिगारेट ओढणाऱ्यांचा समजला जात असे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दाखवून दिले की जगात तंबाखू ओढणारे शंभर कोटींच्या आसपास आहेत, तर लाकूड-गोवऱ्यांचा धूर सोसणारे तीनशे कोटींच्या, आणि म्हणून या आजाराचे सर्वांत मोठे कारण कदाचित हा धूरच असेल. घरोघरी मातीच्या चुली ही म्हण सगळ्यांची दुःखे सारखीच, एवढ्यापुरती वापरली जाते; तिचा वाच्यार्थच अधिक गंभीर निघाला.

तरीही धुराची बाजू घेणारा अगदीच चुकीचा नसतो. चुलीवरच्या माळ्यावर बियाण्याची कणसे टांगलेली असतात, त्यांना कीड लागत नाही. वाशांवर चढलेल्या काळ्या थरामुळे वाळवी दूर राहते. पावसाळ्यात डास कमी होतात, ओले कपडे आणि ओले सरपण दोन्ही तिथेच वाळते. चुलीला जोडलेल्या वैलावर, म्हणजे बाजूच्या दुसऱ्या तोंडावर, वाया जाणाऱ्या आंचेवर आमटी शिजते. ज्याला दोष म्हणावे त्याला घराने कामाला लावलेले असते. औपाधिक दोष दूर करायला निघालेल्या कित्येक सुधारित चुली आल्या आणि गेल्या, त्याचे एक कारण हेही आहे की चूल बनवणाऱ्याने धूर फक्त दोष म्हणून पाहिला आणि बदल्यात कीड, वाळवी व डास यांचा बंदोबस्त कोण करणार हे सांगितले नाही.

महानसाला लागूनच देवघर असते, आणि प्रश्नाचा धार्मिक पेच तिथे अधिक घट्ट होतो. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात अग्नी तोंडाने फुंकू नये आणि अग्नीत अमेध्य, म्हणजे अपवित्र वस्तू, टाकू नये असे नियम आहेत. पाण्यात मलमूत्र आणि थुंकी टाकू नये हेही जवळच सांगितले आहे. हे नियम वाचून आपल्या पूर्वजांना प्रदूषण कळत होते असे अभिमानाने सांगितले जाते. नियम चांगले आहेत, पण त्यांचा रोख कुठे आहे हे पाहिले पाहिजे. तिथे रक्षण अग्नीचे आहे, माणसाच्या उच्छिष्टापासून; माणसाचे रक्षण अग्नीच्या उच्छिष्टापासून करावे असा विचार नाही, कारण अग्नी स्वतः पावक, म्हणजे पवित्र करणारा, आणि पवित्र करणाऱ्याचे उच्छिष्ट अपवित्र कसे असेल? सोवळ्या-ओवळ्याचा सारा व्यवहार याच दिशेने चालला. चुलीजवळ कोण येते, कोणाचा स्पर्श होतो, महिन्याच्या चार दिवसांत कोणी उंबऱ्याबाहेर बसायचे, याचा काटेकोर विचार झाला. चोखामेळ्याने चौदाव्या शतकात विटाळाच्या या कल्पनेलाच आव्हान दिले तेही तिचे लक्ष वस्तूवर नसून माणसावर होते म्हणूनच. धूर मात्र सोवळ्यातल्या आणि ओवळ्यातल्या दोघींच्या छातीत सारखाच गेला आणि त्याला कोणी शिवाशिव म्हटले नाही.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात शुचित्वाचे, म्हणजे अंतर्बाह्य शुद्धतेचे, लक्षण सांगताना कापराची उपमा आली आहे. कापूर आतून-बाहेरून सारखाच शुभ्र, आणि जळाला की मागे राखही न ठेवणारा. उपमा सुंदर आहे आणि तिचा विषय मन आहे. पण देवघराच्या कोनाड्यात आरतीनंतर वर पाहिले तर चुना लावलेल्या भिंतीवर तळव्याएवढा काळा डाग दिसतो. राख राहत नाही हे खरे, काजळी राहते. कर्बाने समृद्ध असलेला कापूर पिवळ्या, धुरकट ज्वालेने जळतो आणि त्याचा बराच अंश काजळी होऊन उडतो. उदबत्ती, धूप, गुग्गुळ यांची गोष्ट निराळी नाही. संध्याकाळी दारे-खिडक्या लावून देवासमोर धूप आणि कोपऱ्यात डासांची कॉइल असा दुहेरी बंदोबस्त असतो तेव्हा मात्र दोन्ही धुरांतला भेद भक्तीचा उरतो, कणांचा नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात असे आढळले होते. अक्कलकोटच्या शिवपुरीहून जगभर प्रसार झालेल्या अग्निहोत्राच्या अनुयायांची अशी श्रद्धा आहे की गोवरी, तूप आणि अक्षता यांच्या आहुतीने वातावरण शुद्ध होते. श्रद्धेला श्रद्धा म्हणून मान द्यायला हरकत नाही, पण शुद्ध हा शब्द तिथे ज्या अर्थाने येतो तो मोजपट्टीवरचा अर्थ नव्हे, आणि एका अर्थाची साक्ष दुसऱ्या अर्थासाठी काढणे याला नैयायिक ‘छल’ म्हणतात, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलून केलेला युक्तिवाद.

धुराविषयी परंपरेतलाच एक वेगळा सूर छांदोग्य उपनिषदात ऐकू येतो. गावात राहून यज्ञ, लोकोपयोगी कामे आणि दान करणारे मृत्यूनंतर धुराच्या मार्गाने जातात आणि परत येतात; अरण्यात श्रद्धेने तप करणारे ज्वालेच्या मार्गाने जातात आणि परतत नाहीत, असे तिथे सांगितले आहे. परतीचा क्रम तर विलक्षण आहे: आकाशातून वायू, वायूतून धूर, धुरातून अभ्र, अभ्रातून मेघ, मेघातून पाऊस, आणि पावसातून भात, जव, वनस्पती, तीळ, उडीद. इथे धूर पवित्रही नाही आणि दूषितही नाही; तो कर्माचा मागे राहणारा अंश आहे, जो वर जातो आणि धान्य होऊन पुन्हा ताटात येतो. धूर कुठे तरी जातो आणि नाहीसा होतो, ही आजच्या चिमणीमागची समजूत उपनिषदकारांची नव्हती.

मुळशीच्या डोंगरउतारावर हा क्रम दर उन्हाळ्यात डोळ्यांसमोर चालतो. आंबेमोहोर किंवा इंद्रायणी भाताचे रोप ज्या तुकड्यात तयार करायचे त्याला राब म्हणतात, आणि तो आधी भाजून काढतात. खाली शेणाचा थर, त्यावर झाडांची छाटलेली पानोळी फांदी, म्हणजे कवळ, त्यावर पालापाचोळा व गवत आणि सर्वांवर बारीक मातीचे आवरण, असा तो रचला जातो. आग वाऱ्याच्या उलट बाजूने लावतात, म्हणजे ती भडकत नाही, सरपटत जाते, माती खोलवर तापते आणि तणाचे बी मरते. ज्वालेपेक्षा धुमी इथे मुद्दाम हवी असते. महानसात जो दोष तो शेतात गुण ठरतो. पर्वतावर धूर दिसतो तो कधी अशा राबाचा, कधी वणव्याचा. गवत जाळले की पुढच्या वर्षी ते जोमाने येते या समजुतीने लावलेला वणवा मात्र गवताबरोबर रोपे, घरटी आणि मातीतला ओलावा घेऊन जातो. सुक्याबरोबर ओलेही जळते ही म्हण इथे उपाधीच्या सिद्धान्तावरही मात करते. राब न भाजता गादीवाफ्यावर भात टोकण्याची सगुणा पद्धत नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी रूढ केली. ती पाहणाऱ्याला राबाचा धूरही औपाधिक होता हे पटते, फक्त तो तसा होता हे कळायला कित्येक पिढ्या जाव्या लागल्या.

पर्वतावरच्या अनुमानाला आता आणखी एक अडचण आहे. डोंगराच्या खांद्यावर जे धूसर दिसते ते धूर, धुके की धूळ, हे आधी ठरवावे लागते. धर्मकीर्ती या बौद्ध तार्किकाने सातव्या शतकात हा दोष नोंदवला होता: जे दिसते ते वाफ आहे की काय अशी शंका असताना त्यावरून अग्नी सिद्ध करणे म्हणजे हेतूच संदिग्ध असणे. याच मुळशी तालुक्यात पूर्वेकडे हिंजवडीची माहिती तंत्रज्ञान नगरी आहे, पिरंगुटच्या परिसरात कारखाने आहेत, आणि शहराच्या वाढत्या बांधकामांना लागणारी खडी, वाळू, सिमेंट रस्त्याने ये-जा करते. शनिवार-रविवारी घाटाकडे जाणाऱ्या मोटारींची रांग लागते. खडी क्रशरची धूळ, डिझेलचा धूर आणि धरणावरचे धुके यांचे मिश्रण हिवाळ्याच्या सकाळी दरीत साचून राहते, कारण त्या वेळी जमिनीलगतची हवा वरच्या हवेहून थंड असते आणि वर चढत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात पुणे शहर आहे. कार्यक्रम शहरांचा आहे, त्यामुळे त्याची मोजमापे शहराच्या हद्दीत होतात. हवेला मात्र महापालिकेची हद्द नसते.

राहिला महाह्रद, जिथे अग्नीही नाही आणि धूरही नाही. पण त्याची गोष्ट धुरापासूनच सुरू होते. मुंबईच्या कापडगिरण्यांच्या कोळशाच्या धुराने विसाव्या शतकाच्या आरंभी शहर काळवंडले होते आणि १९१२ मध्ये तिथे धुराच्या उपद्रवाविरुद्ध खास कायदा झाला. त्याच सुमारास टाटांच्या जलविद्युत योजना आकाराला आल्या: १९१५ मध्ये खोपोली, १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. जलशक्तीला त्या काळी जगभर ‘पांढरा कोळसा’ म्हणत. मुळशीचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात भिऱ्याच्या जनित्रांवर सोडले की वीज होते, आणि तिच्यासाठी काडीही जाळावी लागत नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यानंतर धुराविना शक्तीचे इतके निर्मळ उदाहरण नैयायिकाला सापडले नसते. पण त्या निर्मळ शक्तीसाठी मावळातली भातखाचरे पाण्याखाली गेली. बावन्न गावे आणि सुमारे ११,००० माणसे असा आकडा या धरणाविरुद्धच्या मुळशी सत्याग्रहाच्या इतिहासात दिला जातो. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव यांची नावे त्याच्याशी कायमची जोडली गेली. धरण थांबले नाही. मुंबईच्या गिरण्यांवरचा धूर ज्या पाण्याने कमी केला, त्या पाण्याच्या काठच्या घरांत पुढे कित्येक वर्षे रॉकेलची चिमणी आणि ओल्या लाकडाची चूल तशीच धुमसत राहिली.

इथे नैयायिकाची बाजू अपुरी पडते आणि गीतेचा श्लोक, ज्या अर्थाने तो सहसा वापरला जातो त्याहून वेगळ्या अर्थाने, पुन्हा उभा राहतो. धूर औपाधिक होता आणि उपाधी दूर करता आली, एवढे मुंबईपुरते खरे. पण तो आरंभ निर्दोष झाला नाही, दोषाने फक्त रूप आणि गाव बदलले. श्लोकात प्रत्येक आरंभ सदोष असतो असे म्हटले आहे. तो दोष आरंभ करणाऱ्यालाच भोगावा लागतो असे म्हटलेले नाही, आणि दुसऱ्याने भोगावा असेही नाही. ज्याचे कर्म त्याचा दोष, ही कर्मसिद्धान्ताची मूळ अट आहे. एकाने कर्म करायचे आणि दोष दुसऱ्याच्या शिवारात सोडायचा, ही व्यवस्था कर्मसिद्धान्तात बसत नाही. त्यामुळे ‘सदोष कर्मही टाकू नये’ हे वाक्य धरण बांधणाऱ्याच्या तोंडी आले की ते गीतेचे राहत नाही. पतंजलीने योगसूत्रांत शौचाला, म्हणजे शुद्धतेला, नियमांत पहिले स्थान दिले, आणि त्याच्या भाष्यकाराने शौच बाह्य आणि आभ्यंतर असे दोन प्रकारचे सांगितले: एक माती-पाण्याचे, दुसरे मनाच्या मळांचे. दोन्ही स्वतःचीच आहेत. आपल्याकडून निघून दुसऱ्यापर्यंत पोचणारा मळ या विभागणीत कुठे बसतो, हे भाष्यात सांगितलेले नाही, आणि बापटांनी पारनेरमध्ये हातात झाडू घेऊन गावचे रस्ते झाडायला सुरुवात केली तेव्हा शौचाचा जो अर्थ त्यांना अभिप्रेत असावा तो याच मोकळ्या जागेत बसतो.

आता १ मे २०१६ पासूनच्या उज्ज्वला योजनेने आणि त्याआधीपासून चाललेल्या प्रसाराने स्वयंपाकघरात गॅसची शेगडी आली आहे, पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत आनंद कर्वे यांच्यासारख्यांनी उसाच्या पाचटाचा धूररहित कोळसा आणि खरकट्यावर चालणारा छोटा बायोगॅस दाखवून दिला आहे, आणि धूर हा महानसाचा स्वभाव नव्हता हे वादातीत झाले आहे. पण सिलिंडर संपतो, भरून आणायला पैसे आणि वाहन लागते, म्हणून चूल मोडली जात नाही; ती घरातून मागच्या पडवीत जाते. अंघोळीचे पाणी तिथेच तापते, भाकरी तिथलीच गोड लागते, आणि पावसात भिजलेले लाकूड पेटावे म्हणून दुधाच्या पिशवीचा तुकडा खाली सरकवला जातो, जो मनूच्या अर्थानेही अमेध्य आहे आणि रसायनशास्त्राच्या अर्थानेही. तर्कसंग्रहाचा नवा विद्यार्थी आज अशा घरात वाढतो. जिथे धूर तिथे अग्नी, जसे महानस, असे गुरुजींनी म्हटले की तो ओट्यावरच्या निळ्या ज्वालेकडे पाहतो आणि धूर शोधू लागतो. उदाहरण पटवून द्यायचे तर गुरुजींना त्याला पडवीत न्यावे लागते, आणि तिथे पोचल्यावर पहिल्यांदा दिसतो तो धूर नव्हे, तर फुंकणी बाजूला ठेवून पदराने डोळे पुसणारी त्याची आजी.